पत आणि ऐपत

रिझर्व्ह बँकेच्या समितीची बैठक संपली की दुसऱ्या दिवशी मराठी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर 'पतधोरण' हा शब्द झळकतो. रेपो दर पाव टक्क्याने चढला की उतरला, घरकर्जाच्या हप्त्यात किती रुपयांचा फरक पडेल, एवढे पाहून वाचक पुढच्या बातमीकडे वळतो. ज्या शब्दावरून या धोरणाला नाव मिळाले, त्या शब्दाकडे त्याचे सहसा लक्ष जात नाही. कारण तो त्याच्या नित्याच्या बोलण्यातलाच आहे. 'चारचौघांत आमची काही पत आहे', 'त्याची बाजारात पत राहिली नाही', 'घराण्याची पत घालवलीस' ही वाक्ये, ज्या घरांत रेपो दराचा उच्चारही कधी होत नाही, त्या घरांतही ऐकू येतात. मुलीच्या सोयरिकीपासून बँकेच्या कर्जरोख्यापर्यंत इतक्या सहजतेने वावरणारा दुसरा शब्द मराठीच्या व्यापारी शब्दभांडारात शोधूनही सापडणे कठीण.

अर्थशास्त्राच्या मराठी परिभाषेने हा शब्द उचलला आणि त्याला भराभर नवी नाती जोडली. पतपुरवठा, पतनिर्मिती, पतनियंत्रण, पतमापन, पतसंस्था, पतपेढी असे सारे कुटुंबच उभे राहिले. परिभाषा म्हणून ही निवड अत्यंत योग्य होती. इंग्रजीतील ज्या शब्दाचे हे भाषांतर, त्याचेही मूळ 'विश्वास ठेवणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. परंतु शब्द उचलताना त्याचा आशयही बरोबर आला काय, हा प्रश्न वेगळा आहे. आपल्या वित्तसंस्था बोलतात पतीबद्दल आणि मोजतात मात्र वेगळेच काही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हे 'वेगळे काही' कोणते, तेही मराठीने एका नेमक्या शब्दात सांगून ठेवले आहे. तो शब्द म्हणजे 'ऐपत'.

दोन शब्दांतील अंतर

उच्चारात हे दोन शब्द एकमेकांच्या इतके जवळचे आहेत की घाईत एकाच्या जागी दुसरा सहज येऊन बसतो. अर्थाने मात्र त्यांच्यात मोठे अंतर आहे. ऐपत म्हणजे माणसाजवळ काय आहे: जमीन, घर, सोने, ठेव, पगार. ती मोजता येते, कागदावर लिहिता येते, सरकारी शिक्क्याने सिद्धही करता येते. तहसील कार्यालयातून 'ऐपतीचा दाखला' मिळतो आणि कोणाला जामीन राहायचे असले किंवा ठेका घ्यायचा असला तर तो उपयोगी पडतो. पतीचा दाखला देणारे कार्यालय मात्र कोणत्याही तालुक्यात नाही, असू शकत नाही. कारण पत ज्याची असते त्याच्या पेटीत ती राहत नाही. ती दुसऱ्यांच्या मनात राहते. दिलेला शब्द हा माणूस पाळील की नाही, याविषयी त्याच्याशी व्यवहार करणाऱ्यांनी अनुभवाने बांधलेला अंदाज म्हणजे पत.

यातून चार प्रकारची माणसे संभवतात. ऐपत आहे आणि पतही आहे, अशांची कोणालाच चिंता नसते. दोन्ही नाहीत अशांच्या वाटेला कोणी जात नाही. अर्थशास्त्रज्ञाच्या दृष्टीने कुतूहलाचे आणि समाजाच्या दृष्टीने महत्त्वाचे असतात ते उरलेले दोघे: ज्याच्याजवळ ऐपत मोठी पण पत नाही तो, आणि ज्याची पत चोख पण ऐपत शून्य आहे तो. आपल्या पतपुरवठ्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे या दोघांपैकी कोणाला कर्ज मिळाले याचीच कहाणी होय.

आपल्या जुन्या व्यापाराने पत आणि ऐपत यांतला भेद नेमका ओळखला होता. हुंडीचा व्यवहार हे त्याचे उत्तम उदाहरण. दर्शनी हुंडी दाखविताच पटवायची, मुदती हुंडी मुदतीनंतर. परंतु 'शहाजोग' हुंडीचे वैशिष्ट्य असे की तिचे पैसे कोणाही आणणाऱ्याच्या हाती पडत नसत. बाजारात ज्याची प्रतिष्ठा आहे अशा 'शहा'लाच ते मिळत. म्हणजे चोरीला गेलेली हुंडी चोराला निरुपयोगी होई. कारण हुंडी चोरता येते, पत चोरता येत नाही. हीच रीत आजही लहान प्रमाणात चालू आहे. भाजीची हातगाडी लावणारा पहाटे अडत्याकडून माल उचलतो आणि संध्याकाळी हिशेब चुकता करतो. या दोघांमध्ये कागद नसतो, तारण नसते, जामीन नसतो. असतो तो कालचा चुकता झालेला हिशेब आणि परवाचा. किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीतही गिऱ्हाईकाच्या नावापुढे त्याच्या मालमत्तेची यादी नसते.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. ओळखीवर चालणाऱ्या व्यवहारात ओळखीची किंमतही वसूल होते. उधारीवर घेणाऱ्याला दुकानदार सांगेल तो भाव आणि देईल तो माल मुकाट्याने घ्यावा लागतो. शिवाय बाजाराची ओळख जातीच्या आणि पेठेच्या सीमा सहसा ओलांडत नसे. गावकुसाबाहेरच्या माणसाने शब्द कितीही पाळला तरी त्याच्या शब्दाला पत यावी, अशी सोयच त्या समाजरचनेत नव्हती. पत ही दुसऱ्यांच्या मनात राहते हे तिचे बळ, आणि दुसऱ्यांची मने पूर्वग्रहाने भरलेली असतात ही तिची मर्यादा.

सुप्याची होळी

'सावकार' या शब्दाचा उच्चार आज आपण कपाळाला आठ्या घालून करतो. वस्तुतः त्याच्या पोटात 'साव' आहे. साव म्हणजे प्रामाणिक, चोराच्या उलट. ज्याला समाजाने साव म्हणून ओळखावे त्याच्या धंद्याचे नाव शिवीसारखे कसे झाले, याचा शोध घेतला तर पत आणि ऐपत यांची जागा दख्खनमध्ये नेमकी केव्हा बदलली ते समजते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजी राजवटीने येथे रयतवारी पद्धत आणली. इंदापूर तालुक्यात १८३६ साली नव्या पाहणीनुसार आकारणी झाली आणि पुढे ती पद्धत इतरत्र पसरली. सारा भरण्याची जबाबदारी गावाकडून एकेका खातेदारावर आली, आणि त्याबरोबरच त्याची जमीन ही विकता येईल, गहाण टाकता येईल, जप्त करता येईल अशी वस्तू बनली. दुसऱ्या बाजूला दिवाणी न्यायालये आली. तोपर्यंत सावकाराला वसुलीसाठी गावाच्या मताचा आधार लागे. कुळाला फार नाडले तर गाव त्याच्या विरुद्ध जाई. आता त्याला गावाची गरज उरली नाही. अंगठा उठविलेला रोखा आणि न्यायालयाचा हुकूमनामा एवढे पुरेसे झाले. कूळ शब्द पाळील की नाही याची पर्वा करण्याचे त्याला कारण राहिले नाही, कारण त्याची नजर आता कुळाच्या शब्दावर नसून जमिनीवर होती.

यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याची भर पडली. रोख्याची मुदत तीन वर्षांची ठरली. जुन्या व्याजाचा बोजा रयतेवर साचू नये हा त्यामागचा सद्हेतू. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची वहिवाट पडली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला विलक्षण भाव आला, तेव्हा सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि हात आखडले. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरला. या दंग्याचे वैशिष्ट्य लक्षात ठेवण्यासारखे आहे. दंगेखोरांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता. तो त्याच्या दप्तरावर होता. रोखे आणि खतपत्रे मागून घेऊन त्यांची होळी करण्यात आली, आणि जेथे कागद मुकाट्याने हाती आले तेथे मारहाण सहसा झाली नाही. आपली पत ज्या कागदांनी गिळली ते कागद जाळावेत, इतके स्पष्ट तर्कशास्त्र त्या निरक्षर जमावाजवळ होते.

सरकारने आयोग नेमला आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा मिळाली. परंतु सावकाराने त्यावरही उपाय शोधला. गहाणखताऐवजी तो सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागला. कायदा जितका कागदाची चौकशी करू लागला, तितका कागद अधिक कडक होत गेला. त्या काळापासून ग्रामीण महाराष्ट्रात कर्ज मागणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो 'जमीन किती?' हा.

सहकाराचा प्रयोग

या पार्श्वभूमीवर १९०४ च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्याकडे पाहिले म्हणजे त्यातील मूळ कल्पनेचे महत्त्व पटते. जर्मनीत रायफायझेन यांनी खेडेगावांत ज्या पतसंस्था उभ्या केल्या त्यांचा आदर्श या कायद्यापुढे होता. एकमेकांना ओळखणाऱ्या, एकाच गावात राहणाऱ्या माणसांनी एकत्र यावे, प्रत्येकाने सर्वांच्या कर्जाची अमर्याद जबाबदारी घ्यावी आणि त्या सामुदायिक शब्दावर बाहेरून पैसा उभारावा, अशी ती कल्पना. एकट्या माणसाची ऐपत नगण्य. पण दहा जणांच्या परस्परविश्वासातून पत निर्माण होऊ शकते, हे तिचे सार. १९११ मध्ये लल्लुभाई सामळदास आणि विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पुढाकाराने मुंबईत या संस्थांना पैसा पुरविणारी मध्यवर्ती बँक निघाली. आजची राज्य सहकारी बँक ती हीच.

पन्नास वर्षांनंतर काय घडले होते? रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ या वर्षासाठी केलेल्या ग्रामीण पतपाहणीचे निष्कर्ष गोरवाला समितीच्या १९५४ च्या अहवालात आले. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जांत सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३.१ टक्के होता. धंदेवाईक आणि शेतकरी अशा दोन्ही प्रकारच्या सावकारांचा मिळून तो सत्तर टक्क्यांच्या घरात होता. समितीचे निदान असे होते की सोसायटीनेही सावकाराचाच निकष स्वीकारला आहे. म्हणून तारणाऐवजी हाती येणारे पीक पाहून कर्ज द्यावे. आज आपण ज्याला पीककर्ज म्हणतो त्याच्यामागची ही भूमिका आहे. शेतकऱ्याच्या मालकीपेक्षा त्याच्या मेहनतीकडे पाहणारी ही भूमिका पतीच्या मूळ अर्थाशी इमान राखणारी होती.

पुढील काळात आकडे बदलले हे मान्यच केले पाहिजे. सोसायट्यांचे जाळे वाढले, १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये ग्रामीण बँका आल्या, १९८२ मध्ये नाबार्डची स्थापना झाली. सावकाराचा वाटा पुष्कळ घटला, आणि ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु निकष किती बदलला? पीककर्जाची रक्कम पिकावर ठरते खरी. पण ते मागायला जाताना हातात सातबारा लागतो, आणि कर्ज मंजूर झाले की त्याच सातबाऱ्यावर बोजा चढतो. मार्च महिना आला की गावोगाव 'नवे-जुने' करण्याची धावपळ सुरू होते. खाजगीरीत्या चार-आठ दिवसांसाठी पैसे उचलायचे, सोसायटीचे जुने कर्ज भरल्याचे दाखवायचे आणि नवे कर्ज काढून ते पैसे परत करायचे. हिशेबाच्या वहीत वसुली दिसते, शेतकऱ्याच्या घरात मात्र कर्ज तसेच राहते. वर त्या चार दिवसांचे व्याज जाते ते निराळेच. १८५९ नंतरच्या त्रैवार्षिक रोख्याशी असलेले याचे साम्य अभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये.

सातबारा ज्यांच्या नावावर नाही त्यांचे काय, हा तर त्याहून कठीण प्रश्न आहे. १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने अनेक कुळांना मालक केले. ते त्या कायद्याचे थोर कार्य होय. परंतु कुळाचे नाव लागले तर जमीन जाईल या भीतीने त्यानंतरची खंडाची आणि वाट्याची शेती बहुतांशी तोंडी झाली. जो प्रत्यक्ष नांगर धरतो, बियाणे-खताचा खर्च करतो आणि पावसाचा जुगार खेळतो, त्याचे नाव सातबाऱ्यावर नाही; म्हणून पीककर्जाच्या यादीतही नाही. नवऱ्याच्या शेतात आयुष्य घालविलेल्या स्त्रीची स्थिती वेगळी नाही. कर्ता पुरुष गेला की वारसनोंद होईपर्यंत तिला पत नसते, मात्र त्याच्या कर्जाचा वारसा तिच्याकडे ताबडतोब येतो. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम हंगामापूर्वी 'उचल' देतो. त्या जोडप्याला 'कोयता' म्हणतात. ज्याच्याजवळ जमीन नाही त्याच्याकडून पुढच्या सहा महिन्यांचे श्रम तारण घेतले जातात, आणि हिशेब फिटला नाही तर त्यापुढच्या हंगामाचेही. ऐपत नसलेल्याच्या पतीला संस्थांनी दार बंद केले म्हणजे ती कोणाच्या दारी जाते, याचे हे उत्तर आहे.

खानावळवालीची पत

ऐपतीवाचून पत असू शकते, हे केवळ पुस्तकी प्रमेय आहे असे कोणी म्हणेल. त्यांनी मुंबईच्या गिरणगावाचे उदाहरण पाहावे. कुटुंब गावी ठेवून आलेल्या गिरणी कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवण घालणाऱ्या खानावळी तेथे बायका चालवीत. जेवणाऱ्यांकडून पैसे पगार झाल्यावर मिळत. तोवर धान्य, तेल, मसाला उधारीवर आणावा लागे आणि त्या उधारीचे व्याज तिच्या कष्टाचा मोठा हिस्सा खाऊन टाकी. चाळीतली एक खोली, तीही भाड्याची, आणि चार भांडी एवढीच तिची ऐपत. कोणत्याही बँकेच्या जुन्या निकषाने ती कर्जास अपात्र. परंतु महिनोन्महिने वीस माणसांना वेळेवर जेवू घालणे आणि वाण्याचे खाते न चुकता फेडणे यापेक्षा पतीचा मोठा पुरावा कोणता? १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि अशा स्त्रियांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून देण्याचे काम सुरू झाले. एकमेकींसाठी एकमेकींनी शब्द द्यावा हाच त्याचा पाया होता.

पुढे नाबार्डने १९९२ मध्ये पाचशे बचतगटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला. त्याचा विस्तार देशभर किती झाला हे सर्वांना ठाऊक आहे. दर महिन्याला ठरावीक रक्कम जमा करणाऱ्या, आपापसांत कर्ज देऊन ते वसूल करणाऱ्या दहा-पंधरा बायकांचा गट म्हणजे रायफायझेनच्या कल्पनेचा खरा वारस होय. त्यांच्या वहीत ऐपतीचा रकाना नाही. गटाच्या दडपणाचा जाच होतो, हप्त्यासाठी एकीचा संसार दुसरीच्या चर्चेचा विषय होतो, हे दोष आहेत आणि ते लपविण्याचे कारण नाही. खाजगी सूक्ष्म-वित्त कंपन्यांनी हेच दडपण आपल्या वसुलीसाठी वापरले तेव्हा त्याचे स्वरूप भयंकर झाले, हेही खरे. परंतु मूळ मुद्दा सिद्ध झाला आहे: ज्यांच्याजवळ काहीच नाही तेही कर्ज फेडतात.

तीन आकडी पत

आता पतीचे नवे रूप आले आहे. २००० साली देशात कर्जविषयक माहिती गोळा करणारी पहिली संस्था स्थापन झाली आणि २००५ मध्ये अशा संस्थांसाठी स्वतंत्र कायदा झाला. प्रत्येक ऋणकोच्या परतफेडीचा इतिहास तेथे साठतो आणि त्यातून ३०० ते ९०० यांच्या दरम्यानचा एक आकडा निघतो. त्या पहिल्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आलेला 'सिबिल' हा शब्द आता खेड्यापाड्यांत रुळला आहे. 'सिबिल खराब झाले' हे वाक्य एके काळच्या 'पत गेली' या वाक्याची जागा घेऊ पाहत आहे. माझ्या वर्गात पतीची व्याख्या विचारली असता एका विद्यार्थ्याने 'पत म्हणजे सिबिल' असे उत्तर दिले होते, आणि वर्गातील कोणालाही ते अपुरे वाटले नाही.

तत्त्वतः पाहता या आकड्याचे स्वागत करावयास हवे. तो जमीन विचारत नाही, जात विचारत नाही, कोणाच्या ओळखीची चिठ्ठी मागत नाही. कर्ज फेडले की नाही एवढेच पाहतो. म्हणजे ऐपतीकडून पतीकडे जाणारी वाटच ती. परंतु तीन उणिवा लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की ज्याने संस्थेकडून कधी कर्जच घेतले नाही त्याचा इतिहास कोरा राहतो, आणि कोऱ्या पाटीला पुष्कळदा डागाळलेल्या पाटीसारखेच वागविले जाते. अडत्याचा हिशेब वीस वर्षे रोज चुकता करणारा हातगाडीवाला या नोंदीत कोठेच नाही. दुसरी अशी की आकड्याला कारण कळत नाही. पाऊस पडला नाही म्हणून थकलेला हप्ता आणि बुडविण्याच्या हेतूने थकविलेला हप्ता यांत साक्षात सावकारही भेद करीत असे. यंत्र करीत नाही. महाराष्ट्रात पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नये असे राज्यकर्त्यांना बँकांना पुनःपुन्हा बजवावे लागले ते यामुळेच. तिसरी उणीव दाद मागण्याची. वर्षातून एकदा आपला अहवाल विनामूल्य मिळण्याची सोय आहे, आणि चुकीची तक्रार तीस दिवसांत सुटली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम २०२४ पासून लागू झाला आहे. हे नियम चांगले आहेत. परंतु आपल्या नावापुढे आकडा कोणता लागला आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने तक्रार करावी कशी?

पत धनकोचीही

आजवर आपण ऋणकोच्या पतीबद्दल बोललो. बाजारात मात्र पत ही नेहमी दुहेरी असे. हुंडी लिहिणाऱ्या पेढीचीही परीक्षा रोज होत असे. आधुनिक व्यवस्थेत ही दुसरी बाजू झाकली जाते. वस्तुतः बँकेत ठेव ठेवणारा प्रत्येक माणूस धनको असतो आणि बँक त्याची ऋणको. १९६० मध्ये केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हा हे सत्य ठेवीदारांना फार महागात समजले. त्यातून १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा आला. प्रारंभी त्याची मर्यादा दीड हजार रुपये होती, १९९३ मध्ये ती एक लाख झाली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाली. परंतु हा विमा बँकांतील ठेवींना आहे. ज्यांच्या नावातच 'पत' हा शब्द आहे त्या बिगरशेती पतसंस्थांतील ठेवींना या महामंडळाचे संरक्षण नाही. महाराष्ट्रात अशा कित्येक संस्था बुडाल्या. मुलीच्या लग्नासाठी आणि म्हातारपणासाठी ठेवलेला पैसा तेथे अडकला. संचालकांनी आपल्या नात्यागोत्यांत कर्जे वाटली, आणि ठेवीदारांनी मात्र संचालकांच्या गावातील प्रतिष्ठेलाच पत मानले. येथेही चूक तीच. मोठे घर, मोठी गाडी, मोठी ओळख ही सारी ऐपतीची चिन्हे. त्यांना पतीची चिन्हे समजण्याची सवय आपल्याला फार नडली आहे.

भाषेतील आणखी एक विषमता येथे नोंदविण्यासारखी आहे. लहान शेतकऱ्याचे कर्ज थकले की बोलण्यात आणि बातमीत तो 'थकबाकीदार' होतो. म्हणजे डाग त्या माणसाला लागतो. मोठ्या कंपनीचे कर्ज थकले की ती रक्कम 'अनुत्पादक मत्ता' होते; म्हणजे डाग हिशेबाच्या रकान्याला लागतो, माणूस मोकळा. शेतकऱ्याला सूट मिळाली तर ती 'माफी', जणू त्याने अपराध केला होता. या शब्दाची बोच राज्यकर्त्यांनाही जाणवली असावी, कारण राज्याच्या २०१७ च्या योजनेच्या नावात 'सन्मान' आला आणि २०१९ च्या योजनेच्या नावात 'कर्जमुक्ती'. मोठ्या कर्जांच्या बाबतीत शब्द आहे 'निर्लेखन'. २०१४-१५ ते २०२३-२४ या दहा वर्षांत बँकांनी सुमारे १६.३५ लाख कोटी रुपयांची कर्जे निर्लेखित केली, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितले आहे. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुलीचा हक्क कायम राहतो, असे बँका सांगतात आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. पण मग तेवढीच काळजीपूर्वक भाषा दोन एकरांच्या खातेदाराच्या वाट्याला का येऊ नये?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कर्ज बुडवावे, माफी मागत राहावी, असे कोणालाही सुचविण्याचा हेतू नाही. वारंवारच्या माफीने नियमित फेडणाऱ्याचा उत्साह मोडतो आणि सोसायटी दुबळी होते, हे प्रत्येक सचिव सांगेल. माफीने खाते कोरे होते, पत मात्र परत येत नाही. ती केवळ पुन्हा व्यवहार करूनच मिळवावी लागते. म्हणूनच माफीच्या दुसऱ्या दिवशी त्या शेतकऱ्याला नवे कर्ज वेळेवर मिळते की नाही, हा माफीच्या रकमेपेक्षा महत्त्वाचा प्रश्न आहे.

करावयाच्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. तोंडी खंडाने किंवा वाट्याने शेती करणाऱ्याची नोंद, मालकीहक्काला धक्का न लावता, केवळ पीककर्ज आणि पीकविमा यांसाठी व्हावी. त्यासाठी मालकाला निर्भय करणारी कायद्याची तरतूद लागेल. कर्जदाराचा पतअहवाल बँकेच्या शाखेत, मराठीत, समजावून दिला जावा, आणि नैसर्गिक आपत्तीच्या वर्षातील थकबाकी तशी वेगळी नोंदली जावी. ज्यांनी संस्थेकडून कर्ज घेतलेले नाही अशांचा वीजबिलाचा, भाड्याचा, अडत्याच्या खात्याचा इतिहास, त्यांची इच्छा असल्यास, विचारात घेतला जावा. आणि प्रत्येक पतसंस्थेने आपल्या संचालकांना व त्यांच्या आप्तांना दिलेल्या कर्जांची यादी संस्थेच्या दारात ठेवीदारांच्या डोळ्यांसमोर लावावी. ऋणकोची पत जर तीन आकड्यांत जगापुढे मांडता येते, तर धनकोची पत एका फलकावर लिहिण्यात अडचण कोणती?

अर्थशास्त्राच्या पुस्तकांत पतनिर्मितीचे गणित असते: ठेवीतून कर्ज, कर्जातून ठेव, असे पैशाचे वर्तुळ वाढत जाते. ते गणित खरे आहे आणि ते शिकविलेच पाहिजे. परंतु पहिली ठेव आणि पहिले कर्ज ज्या विश्वासावर घडते, तो त्या सूत्रात कोठेही दिसत नाही. आपल्या भाषेने तो विश्वास आणि मालमत्ता यांना दोन वेगळी नावे देऊन ठेवली आहेत. पुढच्या वेळी पतधोरणाची बातमी वाचताना, हे धोरण पतीचे आहे की ऐपतीचे, एवढा एक प्रश्न वाचकांनी स्वतःस विचारावा. बँकेच्या काउंटरपुढे हात जोडून उभ्या असलेल्या खंडकऱ्याला त्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे.